गव्हातले हंस

त्या वर्षी थंडी लांबली आणि रानहंस गेलेच नाहीत. एरवी हिवाळा सरता सरता पाणथळीतलं लव्हाळं सुकून आडवं झालं की ते आठ-दहा दिवस काठच्या शेतांत उतरायचे, मिळेल ते खायचे आणि एका सकाळी ओरडत उत्तरेकडे निघून जायचे. या खेपेला महिना उलटला तरी त्यांचा मुक्काम हलेना. पहाटे पाण्यावरून उठायचे, बांध ओलांडायचे आणि गव्हात उतरायचे. उन्हं वर येईपर्यंत मुंडी वर नाही.

थोरलीचं शेत सगळ्यांत शेवटचं, पाण्याला लागून. त्याच्या बांधापलीकडे राखीव पाणथळ सुरू व्हायची. तिथे लाकूड तोडायचं नाही, मासा धरायचा नाही, पाखराला खडा मारायचा नाही. बांधालगतचा लांबट पट्टाही राखीवच्याच मालकीचा; कसायला दिलेला, आणि परवाना दरवर्षी वसंताच्या तोंडावर नवा करून घ्यायचा. त्या पट्ट्यावरच घरचा सगळा गहू यायचा. बाकीची जमीन खडकाळ, तिच्यात गाईला पुरेल इतकं गवत.

तिचा नवरा त्या सकाळी पट्ट्याच्या मधोमध उभा होता. पायाखालचा गहू बोटभर उरलेला, कात्रीने कातरल्यासारखा. सगळीकडे हिरवट विष्ठेच्या गोळ्या. त्याने वाकून एक रोप उपटलं, मुळाकडे पाहिलं आणि टाकून दिलं.

"पुन्हा फुटेल ना?" थोरलीने बांधावरून विचारलं.

तो काही बोलला नाही. गावात त्याला मुकाच म्हणत. जीभ शाबूत होती, पण ती वापरायचा फार क्वचित. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात थोरलीने मोजून पाहिलं होतं, दिवसाकाठी वीस-बावीस शब्द. पुढे सवय झाली.

त्या दिवशी मात्र तो बोलला. हंसांचा थवा दूर पाण्यावर बसला होता, त्याकडे बघत म्हणाला, "एकेकाला झोपवतो आता."

शेजारचा दुधवाला सायकल हातात धरून तिथून चालला होता. त्याने ऐकलं. थोरलीनेही ऐकलं.

चौथ्या दिवशी गव्हात तीन हंस मेलेले सापडले.

*

सापडले ते थोरलीच्या भावालाच. तो राखीवमध्ये पहारेकरी होता. गळ्यात सतत दुर्बीण, जेवतानासुद्धा. म्हणून गावाने त्याचं नावच दुर्बीण पाडलं होतं. पाखरांवर त्याचा जीव. कुठल्या झुडपात पाणकोंबडीने घरटं बांधलं, पाणमांजराची मादी कुठल्या बिळात व्याली, सगळं त्याला तोंडपाठ. पाहुण्यांसाठी उभारलेल्या मनोऱ्यावर दिवे यावेत, खाली पाण्याचा पंप बसावा म्हणून त्याने राखीवच्या साहेबांच्या मागे लागून लागून हिवाळ्याआधी वीज आणवली होती. खांब रोवताना स्वतः खड्डे खणले होते. तो थोरलीपेक्षा सहा वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

तो दारात आला तेव्हा थोरली गाईखाली बसली होती. त्याच्या हातात पोतं, पोत्यातून एक मान लोंबत होती.

"दाजी कुठे आहेत?"

"गवत आणायला गेलेत. हे काय?"

त्याने पोतं खाली ठेवलं. करडी पाखरं, पाय आखडलेले. एकाच्या चोचीतून रक्त येऊन छातीवर सुकलं होतं.

"तुमच्या गव्हात होते. ताई, घरात काही औषध आहे का? फवारणीचं, उंदरांचं, कुठलंही."

"नाही."

हे ती खरंच बोलली होती. तिला ठाऊक नव्हतं. पण भावाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिच्या हातातली धार चुकली आणि दूध तिच्याच पावलावर सांडलं.

तो गेल्यावर ती गोठ्यात शिरली. मागच्या भिंतीला कडबा रचलेला, त्याच्यावर आढ्याला जुनी दोरखंडं, फुटकी बादली, नांगराचा फाळ. बादलीमागे हात घातला तर बोटांना थंड पत्रा लागला. लाल डबा होता, उंदराचं चित्र असलेला. झाकणाचं सील तोडलेलं. तिने हलवून पाहिला. अर्धा.

ती डबा हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग होता तिथे, होता तसा ठेवला. चित्राची बाजूही भिंतीकडेच होती, तशीच केली.

संध्याकाळी ताट वाढताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "उंदरं फार झालीत का हो?"

"झालीत."

"काही आणलंत का त्यांच्यासाठी?"

त्याने घास चावून गिळला. "आणलंय."

"कुठे टाकलंत?"

"बिळांत."

"कुठल्या?"

त्याने मान वर करून पाहिलं. सासू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, तिनेही पाहिलं. थोरलीने पाण्याचा तांब्या उचलला आणि उगाच भरलेला पेला पुन्हा भरला.

*

त्यानंतर तिला झोप लागेना. नवरा पहाटे उठायचा, अंधारातच शाल डोक्यावरून घ्यायचा आणि कडी हळूच काढून बाहेर पडायचा. आधीही तो असाच जायचा. आधी तिला त्याच्या हळूपणाचं कौतुक वाटायचं, की आपली झोप मोडू नये म्हणून जपतो. आता ती डोळे मिटून ऐकत राहायची. गोठ्याकडे पावलं वळली का? कडब्याची सळसळ झाली का? तो गेला की उठून बादलीमागचा डबा हलवून बघायची. डबा तेवढाच असायचा. तिला वाटायचं, तेवढाच आहे. मग वाटायचं, काल जरा जड होता.

त्या दिवसांत रोज धुकं पडायचं. पाणथळीतून उठायचं, बांध चढून शेतावर यायचं आणि अंगण गिळायचं. दहा पावलांवरची गाय दिसायची नाही, नुसता तिच्या रवंथ करण्याचा आवाज. धुक्यातून टिटव्या ओरडायच्या. मध्येच शेताच्या बाजूने पत्र्याचा डबा वाजायचा, ढणढण ढणढण. हंसांना उठवायला नवरा वाजवायचा. मग शेकडो पंखांचा एकदम आवाज, जणू कुणी ओल्या चादरी झटकतंय. मग शांत.

पुढच्या आठवड्यात पाच मेले.

या वेळी भाऊ घरात येऊन बसला. चहा दिला तो त्याने घेतला नाही. सासू म्हणाली, "घे रे. विष नाही घातलेलं त्यात."

भाऊ हसला नाही.

"साहेबांनी मेलेली पाखरं तपासायला शहरात पाठवलीत," तो म्हणाला. "निकाल यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर चौकशी माझ्याकडे आहे. दुधवाल्याने सांगितलंय दाजी काय बोलले ते."

"रागात माणूस बोलतो," थोरली म्हणाली.

"बोलतो. आणि चौथ्या दिवशी पाखरं मरतात?"

सासू पाय ओढत दारापर्यंत आली. गुडघ्यांनी ती पार थकली होती, पण डोळे अजून घारीचे. "काय रे, परवाची ती दोन पाखरं बांधाखाली पडली होती, ती कोल्ह्याने खाल्ली. उरलेलं कावळ्यांनी खाल्लं. मी इथून बघत होते. एक तरी कावळा मेला का?"

"आजी, चौकशी करू द्या मला."

"कर की. मी कुठे धरलंय?"

भाऊ बहिणीकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मला नोकरी आहे. तुझं घर म्हणून मी डोळे झाकले असं उद्या कुणी म्हणायला नको. खरं सांग. काही आहे का घरात?"

थोरली नाही म्हणणार होती. शब्द तोंडात आलाही होता. पण तिची नजर गोठ्याकडे गेली. पापणी लवायच्या आत ती परत आली, तरी तेवढ्यात भाऊ उठला होता. दिवसभर दुर्बिणीतून हालचाली टिपणारा माणूस तो. त्याला तेवढं पुरलं.

तो लाल डबा घेऊन बाहेर आला तेव्हा नवरा अंगणात पोचला होता, डोक्यावर गवताचा भारा. भाऊ डबा हातात धरून उभा. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"दाजी, हे काय आहे?"

"वाचता येतं ना?"

"मागच्या बाजूला लिहिलंय. रक्त पातळ होऊन मरण येतं. पाखरांच्या चोचींतून रक्त आलंय."

"उंदरांचं आहे ते."

"अर्धा डबा उंदरांना?"

नवऱ्याने भारा खाली टाकला. मानेवर गवताची पाती चिकटली होती. त्याने एकदा गोठ्याच्या दाराकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे. भारा सोडला आणि गाईला पेंढी टाकू लागला.

*

दुसऱ्या दिवशी त्याला कचेरीत बोलावलं. सकाळी नऊला गेला. साहेब बैठकीत होते म्हणून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. दुपारी थोरली जेवणाचा डबा घेऊन गेली तेव्हाही तो बाकावरच होता, गुडघ्यांवर हात ठेवून. पाणथळ बघायला आलेले पाहुणे समोरून जात होते. एका बाईने शिपायाला विचारलं, "हेच का ते हंस मारणारे?" आणि शिपाई म्हणाला, "चौकशी चालू आहे." नवरा समोरच्या भिंतीवर लावलेल्या पाखरांच्या चित्रांकडे बघत बसला होता. थोरलीने डबा पुढे केला. त्याने तो बाकावर ठेवला, उघडला नाही.

पाच वाजता साहेबांनी आत घेतलं. दहा मिनिटांत बाहेर. दोषी ठरल्यास परवाना रद्द, शिवाय खटला. परत येताना तो पुढे आणि ती चार पावलं मागे. वाटेत तळ्याच्या उथळ कडेला शेकाट्यांची रांग चिखलात चोची खुपसत चालली होती. थोरलीला वाटलं, हा आता वळेल आणि विचारेल. तो वळला नाही.

मग तिसऱ्या पहाटे कडी निघाली तेव्हा तीही उठली. त्याचेच जुने बूट पायात घातले, शाल गुंडाळली आणि अंतर ठेवून निघाली. धुकं इतकं दाट की तिला तो दिसत नव्हता. त्याच्या बुटांखाली चिखलाचा चुबुक चुबुक आवाज येत होता, त्यावर ती चालत होती. आपल्याच नवऱ्याच्या मागे चोरासारखी. त्याने खिशातून काही काढलं, गव्हात फेकलं, तर काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं.

ती बांधाखाली दबून बसली. लव्हाळ्यात काहीतरी खसफसलं आणि पाण्यात घसरलं, पाणमांजर असावं. समोर गव्हात हंसांची कुजबुज चालली होती, खाता खाता काढतात तो हलका, समाधानी आवाज. कितीतरी वेळ नुसता तोच.

मग डबा वाजला. ढणढण ढणढण.

पाखरं एकदम उठली. पंखांचा वारा तिच्या तोंडावर आला. ती डोक्यावरून जाताना तिला दिसलीही नाहीत, फक्त कलकलाट. आणि मग वर कुठेतरी, मनोऱ्याकडे जाणाऱ्या खांबांच्या रांगेत, एक वेगळाच आवाज झाला. झण्ण. पुन्हा झण्ण. तो आवाज लांबत लांबत खांबाखांबांतून गेला. तिच्यापासून वीस पावलांवर काहीतरी दणकन गव्हात पडलं.

ती धावली. हंस पडला होता, पण जिवंत. पंख पसरून उठायचा प्रयत्न करत होता, मान वर करत होता आणि ती पुन्हा खाली जात होती. चोचीतून लाल बुडबुडे. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. पिसांखाली हाड मोडून आत गेलेलं हाताला लागलं. तो गरम होता, फार गरम. तिच्या हाताखालीच निवला.

नवरा धुक्यातून आला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात काठी. तिला बघून थांबला. त्याची नजर तिच्या पायांकडे गेली, स्वतःच्या बुटांकडे.

"तारेला लागतात," तो म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाच मेले त्या दिवशी कळलं. त्याआधी नाही."

"मग सांगितलं का नाही? कचेरीत बसलात दिवसभर!"

"कुणाला सांगू? तार तुझ्या भावाची. डबा माझा." तो श्वास घेऊन थांबला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "मी उठवतो म्हणून ते उडतात. धुक्यात तार दिसत नाही. नाही उठवलं तर गहू जातो. काय सांगू?"

"आणि ते औषध?"

"बिळांत घातलं म्हणून सांगितलं होतं ना."

तो तिला कणगीमागे घेऊन गेला नाही, बांधावर नेलं नाही, काही दाखवलं नाही. पण दुपारी तिने स्वतःच जाऊन पाहिलं. कणगीच्या मागे सात बिळं होती, बांधाच्या आतल्या बाजूला अकरा. सगळी ओल्या मातीने लिंपून, वर दगड बसवून बंद केलेली. मातीवर त्याच्या अंगठ्याचे ठसे सुकले होते.

*

त्याच संध्याकाळी ती भावाकडे गेली. तो कंदिलाची काच पुसत बसला होता. तिने सगळं सांगितलं. बोलता बोलता त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"एखादा लागला असेल," तो म्हणाला. "आठ-नऊ लागतात का? पाखरं काय आंधळी आहेत?"

"धुक्यात तू तरी बघू शकतोस का?"

"ताई, तू नवऱ्यासाठी बोलतेस. मी समजू शकतो."

"त्या दिवशी मी कुणासाठी बघितलं गोठ्याकडे?"

तो काच खाली ठेवून म्हणाला, "साहेबांनी आज कागद काढलाय. निकाल येईपर्यंत दाजींनी पट्ट्यात पाय ठेवायचा नाही. माझ्या हातात काही नाही."

नवऱ्याने कागदावर सही केली, तो घडी करून खिशात ठेवला आणि शेतात जायचं बंद केलं. अंगणात बसून दोर वळायचा. हंस निवांत उतरायचे, निवांत खायचे, निवांत उठून जायचे. उन्हं आल्यावर धुकं निघून जायचं, मग ते आपल्या मर्जीने उडायचे आणि तारेला सहज वळसा घालायचे. आठ दिवसांत एकही मेला नाही.

मग काय, गावाला आणखी काय हवं होतं? दुधवाला पारावर म्हणाला, "बघा, माणसाला बांधलं आणि मरण थांबलं. आता प्रयोगशाळा कशाला पाहिजे?" दुकानात थोरलीला माल देताना दुकानदाराने तिच्या हातातल्या पिशवीत आधी डोकावून पाहिलं. शेजारणीने आपल्या कोंबड्या डालून ठेवल्या. थोरली घरी येऊन चूल पेटवायची आणि चुलीकडे बघत बसायची. या सगळ्यांवर रागवायचं तरी कसं? दोन आठवड्यांपूर्वी तीही रोज पहाटे डबा हलवून बघत होती.

गहू आता जमिनीबरोबर झाला होता. हवा मात्र बदलू लागली होती. दुपारी ऊन चटचटायचं. पाणकणसाच्या जुन्या दांड्यांमधून हिरवी टोकं निघाली होती. टिटवीने पट्ट्याच्या कडेला उघड्या मातीत चार अंडी घातली होती आणि माणूस दिसला की ती आकाश डोक्यावर घ्यायची. पाणथळीवर शिकारी पाखरू भोवत्या घिरट्या घालायचा, खाली बदकांची धावपळ उडायची.

नवव्या रात्री पुन्हा गारठा पडला आणि पहाटे दाट धुकं उतरलं. थोरली सरळ भावाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चल."

"कुठे?"

"चल म्हणते ना. दुर्बीण नको, तिचा उपयोग नाही."

तो आला. ती त्याला बांधाखाली घेऊन गेली, ती स्वतः बसली होती तिथेच. वर धुक्यात तार दिसत नव्हती, एका खांबाचा बुंधा फक्त काळा दिसत होता. गव्हात हंस चरत होते. भाऊ कान देऊन ऐकू लागला आणि त्याचा चेहरा मऊ झाला. लहानपणी पाखरांचे आवाज ऐकताना व्हायचा तसा.

"दोनशेच्या वर आहेत," तो कुजबुजला. "ताई, जायच्या तयारीत आहेत. आवाजावरून कळतं. चार दिवसांत जातील."

थोरलीने शालीखालून पत्र्याचा डबा आणि काठी काढली.

त्याने पाहिलं आणि त्याला सगळं एका क्षणात कळलं. त्याने तिचा हात धरला. "नको. नको ताई. मरतील."

"मग तारेला लागतात हे तुला पटलं?"

"पटलं. तू म्हणतेस म्हणून पटलं. चल घरी."

"साहेबांना सांगशील?"

त्याची नजर खांबाच्या काळ्या बुंध्याकडे गेली.

"मी तार आणली, मी खांब रोवले, त्या तारेने पाखरं मेली, असं लिहून देशील?"

धुक्याने त्याच्या कपाळावर पाणी जमलं होतं. ते थेंब भुवईत उतरले तरी त्याने पुसले नाहीत. "निकाल येऊ दे," तो शेवटी म्हणाला. "निकालात येईलच ना. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे."

"दोन आठवड्यांत परवान्याची मुदत संपते."

"मी बघतो काहीतरी."

"तू बघितलं नाहीस," थोरली म्हणाली, "म्हणून आणलंय तुला."

तिने हात सोडवून घेतला आणि काठी मारली. पहिला आवाज नीट आला नाही. दुसरा आला. मग ती वाजवतच राहिली. कलकलाट उठला, पंखांचा वारा आला, डोक्यावरून सगळं आभाळ ओरडत गेलं. झण्ण. झण्ण. झण्ण. तिने मोजलं नाही, भावाने मोजलं. चार. एक तर त्याच्या पुढ्यातच पडला, पायाला पाय लागेल इतका जवळ, आणि पंखाने त्याच्या पोटरीवर दोन-तीन फटके मारून थांबला.

भाऊ गुडघ्यांवर बसला. त्याने त्या पाखराला मांडीवर घेतलं, पंख मिटून दिला, मान सरळ केली. तो रडत होता आणि रडता रडता तिला शिव्या देत होता, लहानपणी द्यायचा तशा, तुटक, अर्ध्या. थोरली डबा हातात धरून उभी राहिली. तिला रडू आलं नाही.

*

त्याच दिवशी दुपारी भावाने साहेबांच्या टेबलावर चार हंस नेऊन ठेवले आणि लिहून दिलं. काय लिहिलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांत विजेची माणसं आली, तार उतरवली, जमिनीखालून न्यायची म्हणून चर खणायला घेतला. मनोरा अंधारात गेला. भावाची पाहुण्यांच्या मनोऱ्यावरची नेमणूक काढून त्याला पाणथळीच्या दूरच्या टोकाला, फाटकावर बसवलं. तो बहिणीच्या घरावरून जायचा, पण आत यायचा नाही. ती अंगणात असली तर मान हलवायचा.

हंस पाचव्या दिवशी गेले. सकाळच्या लख्ख उन्हात, उंचावरून, लांबच लांब रांग करून. प्रयोगशाळेचा कागद त्यानंतर नऊ दिवसांनी आला. विष आढळले नाही, अंतर्गत दुखापत. साहेबांनी परवाना नवा करून दिला, शिपाई तो घरी आणून देताना हसून म्हणाला, "मनात काही ठेवू नका." दुधवाल्याने पारावर सांगितलं की त्याला आधीपासूनच तारेची शंका होती. सासूने कावळ्यांची गोष्ट पुढे कितीतरी जणांना ऐकवली.

पावसाच्या दोन हलक्या सरी झाल्या आणि खाल्लेल्या गव्हाला बुडख्यातून फुटवे आले. पीक निम्मं येणार होतं, पण येणार होतं. नवरा आणि थोरली दोघे खुरपायला बसले. ओळीत ती या टोकाला, तो त्या टोकाला. टिटवीची पिल्लं ढेकळांमधून पळत होती. तो त्यांच्यासाठी खुरपं थांबवून वाट देत होता.

दोघे ओळीच्या मध्यावर समोरासमोर आले तेव्हा तो म्हणाला, "डबा बादलीमागे आहे, हे त्याला तू सांगितलंस?"

"सांगितलं नाही. बघितलं नुसतं."

त्याने खुरप्याची माती अंगठ्याने काढली. "मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. बिळांत म्हणालात तुम्ही."

"मग?"

तिने विचारलं होतं ते त्याने सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. ती मान खाली घालून तण उपटत राहिली. त्याने आपली ओळ पुढे नेली.

त्या दिवसापासून तो बोलू लागला. पहाटे कडी काढण्याआधी तिच्या अंथरुणाजवळ थांबायचा आणि म्हणायचा, "बांधावर जातोय. पाणी फिरवायचंय. फावडं घेतलंय." दुपारी, "दुकानात चाललोय. खिळे आणायचेत." परत आल्यावर न विचारता खिळ्यांची पुडी तिच्यापुढे उघडून ठेवायचा. गोठ्यात शिरायचा तरी दारातून सांगायचा, "दोर काढतोय आढ्यावरचा." आवाजात राग नसायचा, टोमणा नसायचा. कचेरीतल्या बाकावरून उठून साहेबांपुढे उभा राहिला असेल, तसा तो तिच्यापुढे उभा राहायचा, हात सरळ, आणि एकेक गोष्ट हजर करायचा. सासू म्हणाली, "बाई, पोराला कंठ फुटला!" आणि खूश झाली.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका पहाटे तो वाकून सांगू लागला, "खालच्या चराला जातोय, गाळ काढायला..." थोरली उठून बसली आणि तिने अंधारात त्याची बाही पकडली.

"सांगू नका हो," ती म्हणाली. "मी नाही विचारत. नका सांगू मला."

"बरं," तो म्हणाला. बाही सोडवली, शाल डोक्यावरून घेतली, कडी हळूच काढली आणि गेला. थोरली जागी राहून ऐकत होती. पावलं अंगणातून गेली, बांधाकडे गेली, विरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा तिच्या अंथरुणाजवळ येऊन थांबला. "विहिरीवर जातोय," तो म्हणाला. "बादली घेतलीय."